हरबा तारी आणि शेवरवाडीची हरबी

शेवरवाडीत ‘हरबी’ म्हणून एक शब्द आहे. खाडीपलीकडच्या कुठल्याही गावात तो वापरलात, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. निघायची सगळी तयारी झाली तरी मागून कुणी येत असेल म्हणून थोडं थांबायचं, याला शेवरवाडीत ‘हरबी धरणं’ म्हणतात. किती थांबायचं? तोंडातला विडा रंगेपर्यंत. एकदा शहरातून एक विद्वान आले. आठ दिवस गावची मासळी खाल्ली आणि हा शब्द अरबी गलबतांवरून आला असावा, असं सांगून गेले. गावानं माना डोलावल्या. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. पण खरं काय ते शेवरवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पुलाचं स्वप्नही कुणाला पडत नव्हतं तेव्हा, गावच्या धक्क्यावर हरबा नावाचा तारी होता. माणसं होडीत घालायची आणि पैलथरला, म्हणजे पलीकडच्या काठाला, उतरवायची, हे त्याचं काम. हातात बळ मोठं, पण स्वभाव उतावळा. तारी लोकांचा तेव्हा एक नेम होता. होडी पाण्यात लोटली की मागं वळून बघायचं नाही. जो मागं बघेल त्याची होडी खाडी ठेवून घेते, असं म्हणतात. हरबाच्या बापानं हा नेम पाळला, आज्यानं पाळला, आणि हरबाही पाळत होता.

एकदा दुपारी त्यानं होडी लोटली आणि मागून हाक आली, "तारीऽऽ, थांब रेऽऽ!" हाक बाईची होती. हरबानं ती ऐकली, पण मान वळवली नाही. ओहोटी लागलेली. परतेपर्यंत पाणी गेलं आणि खाडीत नुसता चिखल उरला. रखमा नावाची ती बाई संध्याकाळच्या भरतीपर्यंत धक्क्यावर बसून राहिली. पैलथरला तिचा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. ती पोचली तेव्हा त्याला स्मशानात नेलं होतं. परतताना ती हरबाला एवढंच म्हणाली, "तारी, एकदाच मागे बघलं असतंस, तर माका माझो भाव गावलो असतो."

हरबाच्या पोटात अन्न जाईना. ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. शेवटी त्यानं बापजाद्यांचा नेम मोडला. होडी पाण्यात लोटली की दोरी हातात धरून तो पाण्याकडे पाठ करून उभा राही, तोंडात विडा घाली आणि वाटेकडे बघत तीन हाका मारी, "कोण येता काय रेऽऽ?" विडा रंगला की मगच निघे. बाकीचे तारी हसले. "हरबाक खुळ लागला," म्हणाले. खाडी याला एक दिवस ठेवून घेणार, याची त्यांना खात्रीच होती.

आणि तो दिवस आला. अवसेची मोठी ओहोटी. गावातली एक सून अडली होती आणि सुईण, आवडू, राहायची पैलथरला. सुनेला होडीत निजवलं. सासू उशाशी बसली. हरबानं विडा तोंडात टाकला आणि हाक मारली. एक, दोन, तीन. तिसऱ्या हाकेला डोंगराच्या वळणावरून अगदी बारीक ओ आली, "येतंय मीऽऽ!"

सासू ओरडली, "तारी, पाणी ओसारला! होडी सोड! माझ्या सुनेचो जीव जातलो!"

थांबावं तर होडी चिखलात रुतणार आणि पोर तिथंच तडफडणार. निघावं तर वाटेवर पुन्हा एक रखमा. विडा रंगून कधीच संपला होता. त्यानं दोरी हातात घट्ट धरली, खाडीकडे पाठ केली आणि म्हणाला, "काकी, कोणतरी येता. त्याका टाकून माझ्यान जाववत नाय."

असं म्हणतात, की त्या दिवशी ओहोटी थांबली. धक्क्याच्या चौथ्या पायरीवर पाणी होतं, ते चौथ्या पायरीवरच राहिलं. हे पाणी जात का नाही, म्हणून खेकडेसुद्धा बिळातून डोकावून बघू लागले. आणि वळणावरून धापा टाकत कोण आलं? आवडू सुईण! पहाटेच डोंगरवाडीत एक बाळंतपण करायला ती दुसऱ्या होडीनं अलीकडच्या काठाला आली होती आणि आता घरी निघाली होती. होडी आधी सुटली असती, तर पैलथरला कुलूप लावलेलं दार भेटलं असतं.

सासूनं हरबाचे पाय धरले. आवडू होडीत चढली, होडी सुटली आणि भर खाडीत मुलगी झाली, भामी. तिचा ट्यँहा ऐकला आणि मगच पाणी झरझर उतरलं, असं म्हणतात. त्या दिवसापासून सगळेच तारी थांबू लागले आणि त्या थांबण्याला लोक हरबी म्हणू लागले.

हरबा खूप जगला. गेला तेव्हा तिरडी उचलायला माणसं वाकली, तोच म्हातारी रखमा काठी टेकत पुढं आली. "जन्मभर लोकांसाठी थांबलो तो. त्याका हरबी नको?" सगळे खजील झाले. मग तिनंच वाटेकडे तोंड करून तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला वळणावरून ओ आली, "येतंय मीऽऽ!" सात कोसांवरच्या सासरहून भामी पळत येत होती, कडेवर पोर घेऊन. तिला हरबाचं तोंड दिसलं. ती त्याच्या उशाशी बसून पोटभर रडली, आणि तिच्यामागे उभी राहून रखमाही रडली. कित्येक वर्षांनी तिला हलकं वाटलं.

आता खाडीवर पूल आहे आणि होड्या काठावर पालथ्या पडल्या आहेत. पण शेवरवाडीत अजून हरबी धरल्याशिवाय वरात निघत नाही की तिरडी उचलली जात नाही. सकाळची एसटीसुद्धा पुलाच्या तोंडाशी थांबते. कंडक्टर खाली उतरतो आणि वाटेकडे बघून तीन हाका मारतो. बहुतेक दिवशी कुणीच येत नाही. तरी वेळ फुकट गेला, असं गाडीतलं कुणी म्हणत नाही. मागं कुणी राहिलं नाही, एवढं कळतं आणि गाडी निघते.