फुगी बेडकीचा ग्रहणाचा चष्मा

तळ्यात पाणी. पाण्यात दगड. दगडावर फुगी.

फुगी ही एवढीशी बेडकी. डोळे मात्र टपोरे. आणि राग? तो तर नाकाच्या शेंड्यावर. राग आला की गाल फुगायचे. टम्म!

आज सूर्याला ग्रहण लागणार होतं. कासवगुरुजींनी फुगीला ग्रहणाचा चष्मा दिला. फुगीहून मोठा. पत्र्याच्या डबीतला.

गुरुजी म्हणाले, "फुगे, नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही. डोळे भाजतात. आधी चष्मा, मग सूर्य."

फुगीने डबी गवतात ठेवली. म्हणाली, आधी आंघोळ करते. डुबुक!

वर येऊन बघते तर काय? डबीवर म्हैस बसलेली.

फुगीचे गाल फुगले. टम्म!

"म्हशी, म्हशी, ऊठ. माझा चष्मा दे."

म्हैस म्हणाली, "नाही उठणार, जा. आज ग्रहण. ग्रहणात कुणी हलत नाही. गोमाशी चावली, तर उठेन."

चष्मा नाही, तर वर बघायचं नाही. फुगीने मान खाली घातली. निघाली तणतणत. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"गोमाशी, गोमाशी, म्हशीला चाव.
म्हैस उठेना,
चष्मा मिळेना,
वर बघता येईना."

गोमाशी म्हणाली, "नाही चावणार, जा. आज ग्रहण. ग्रहणात कुणी खात नाही. कोळी धरायला आला, तर चावेन."

सकाळी तीन बैलांना चावून आली होती. आता म्हणे उपास.

फुगीचे गाल आणखी फुगले. टम्म टम्म! मान खाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

हौसाकाकूंच्या दारात कोळी होता. जाळ्यात लोळत होता.

"कोळ्या, कोळ्या, गोमाशीला धर.
गोमाशी चावेना,
म्हैस उठेना,
चष्मा मिळेना,
वर बघता येईना."

कोळी म्हणाला, "नाही धरणार, जा. आज ग्रहण. ग्रहणात कुणी काम करत नाही. खराटा जाळ्याला लागला, तर धरेन."

कामाचा आळशी आणि ग्रहणाचं नाव!

ऊन फिकं झालं. सावल्या गार झाल्या. ग्रहण लागलं होतं. फुगीला वर बघावंसं वाटलं. फार फार वाटलं. पण तिने मान खालीच ठेवली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"खराट्या, खराट्या, जाळं झाड.
कोळी धरेना,
गोमाशी चावेना,
म्हैस उठेना,
चष्मा मिळेना,
वर बघता येईना."

खराटा म्हणाला, "नाही झाडणार, जा. आज ग्रहण. ग्रहणात कुणी झाडत नाही. काकूंनी उचललं, तर झाडेन."

फुगी खिडकीवर चढली. टुणुक!

"काकू, काकू, खराटा उचला.
खराटा झाडेना,
कोळी धरेना,
गोमाशी चावेना,
म्हैस उठेना,
चष्मा मिळेना,
वर बघता येईना."

काकू म्हणाल्या, "नाही उचलणार, जा. आज ग्रहण. ग्रहणात कुणी बाहेर पडत नाही. मी आपली इथूनच बघते."

काकूंच्या हातात होता गुडघ्याचा एक्स-रे. काळा काळा. काकूंनी तो डोळ्यांपुढे धरला. मान वर करणार, इतक्यात...

आता मात्र फुगी डोक्यापासून पायापर्यंत फुगली. टम्म टम्म टम्म!

"काकू, बघू नका. डोळे भाजतील."

आणि मारली उडी. थेट एक्स-रेवर. फट्ट! एक्स-रे खाली, फुगी वर.

"अगं बाई, बेडकी!" काकू ओरडल्या. ग्रहण विसरल्या. धावत दारात आल्या. खराटा उचलला.

खर्र खर्र! खराटा जाळ्याला लागला.
सरसर सरसर! कोळी गोमाशीला धरायला धावला.
भूंऽऽ भूंऽऽ! गोमाशी म्हशीला चावली.
धडपड धडपड! म्हैस उठली.

फुगी टुणुक टुणुक तळ्याकाठी आली, मागोमाग काकूही आल्या. आणि डबी मिळाली.

डबीला पोचा आला होता. फुगीने चष्मा काढला. उलटापालटा करून पाहिला. ओरखडा? नाही. भोक? नाही. मग दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरला. सगळा अंधार. काकू दिसेनात, म्हैस दिसेना.

मग फुगीने मान वर केली.

सूर्य दिसला. घास खाल्लेल्या भाकरीसारखा.

फुगीचे गाल बसले. फुस्स.

काकू हळूच म्हणाल्या, "मलाही दाखव गं."

"मान खाली. चष्मा लावा. आता वर," फुगी म्हणाली.

काकूंनी पाहिलं. कोळ्याने पाहिलं. गोमाशीने पाहिलं.

म्हैस म्हणाली, "आणि मी?"

"तू डबीवर बसलीस. तुझा नंबर शेवटी."

म्हैस हलली, गोमाशीने खाल्लं, कोळ्याने काम केलं, खराट्याने झाडलं, काकू बाहेर पडल्या. सूर्याला काही झालं नाही. कुणाच्या डोळ्यांनाही काही झालं नाही.

ग्रहण सुटलं, फुगीचा राग सुटला. मिटा आता डोळे. उद्या बघायला लागणार आहेत.