म्हशीनं नाकारलेला तास

गोष्ट सांगायला मला अजिबात आवडत नाही. घसा धरलाय, चष्म्याची काडी मोडलीय. पण पंचायतीच्या लोकांनी दिवाळी अंकासाठी पाठच धरली, म्हणून लिहितोय. वाचताना मध्येच कुणी शंका काढायची नाही.

तर, कानडखेडचे राजे भुजंगराव विलायतेला जाऊन आले आणि येताना डोक्यात किडा घेऊन आले. तिकडचे लोक म्हणे उन्हाळ्यात घड्याळाचा काटा एक तास पुढं ढकलतात, म्हणजे दिवस मोठा होतो. दिवस म्हणजे काय विजार आहे, खालनं उसवून लांब करायला? पण राजाला कोण बोलणार! मनोऱ्यावरच्या घड्याळाचा काटा पुढं ढकलला आणि गावोगाव दवंडी फिरवली.

"ऐका हो ऐका! उद्यापासून उन्हाळाभर सगळ्यांनी एक तास पुढं सरकायचं! जो सरकणार नाही त्याची जमीन सरकारजमा हो!"

झाला गोंधळ सुरू. पुजारी घड्याळ बघून सांजवात लावायला गेला, तर ऊन डोळ्यांत. कोंबडा आरवायला उशीर करतो म्हणून कोतवालानं त्याला धरून कोठडीत घातला. दिवाण फिर्याद ऐकता ऐकता फिर्यादीच्याच खांद्यावर झोपला. खुद्द राजेसाहेब जबडा फाटेपर्यंत जांभई द्यायचे आणि म्हणायचे, "वा! कसं ताजंतवानं वाटतंय!"

राजवाड्याला दूध घालायचा सटवाजी नावाचा शेतकरी. त्याची म्हैस चंद्री. आता म्हशीनं काही दवंडी ऐकली नव्हती. सटवाजी काळोखात चरवी घेऊन बसला की ती मान वळवून बघायची, आणि द्यायची एक लाथ! पान्हा सोडायची तो आपल्या नेहमीच्याच वेळेला. दूध पोचायला उशीर. राजाचा चहा खोळंबला!

राजानं सटवाजीला बोलावलं. "काय रे, तुझी म्हैस माझं घड्याळ मानत नाही?"

"सरकार, जनावराला घड्याळ कळत नाही."

"मग शिकव! आठवडा देतो. नव्या वेळेला दूध आलं नाही, तर तू पुढं सरकला नाहीस असं धरीन. ओढ्याकाठचं रान सरकारजमा!"

सटवाजी घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. होतं काय त्याच्याकडं? ती म्हैस आणि तेवढं ओढ्याकाठचं रान. म्हशीला पेंड चारली, गोंजारलं, शेवटी हातही जोडले. म्हैस रवंथ करत बसली.

सटवाजीची पोरगी हौसा. जीभ अशी धारदार, की तिच्यापुढं विळ्यानं लाजावं. ती म्हणाली, "आबा, दवंडी नेमकी काय होती?"

"सगळ्यांनी एक तास पुढं सरकायचं, नाहीतर जमीन जाणार."

"मग सरकू या की! उद्या नांगर जुंपा."

"उन्हानं डोकं फिरलं काय गं तुझं?"

"माझं नाही फिरलं. ज्याचं फिरलंय त्याच्यासाठीच नांगर जुंपायचाय!"

आता शहरातल्यांसाठी सांगतो, बाकीच्यांना ठाऊक आहे. नांगर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला की मागं जी रेघ पडते, तिला आमच्याकडं तासच म्हणतात. सटवाजीच्या रानाला लागून बांध, आणि बांधापलीकडं राजाचं खासगी रान. हौसानं सकाळी बैल हाकले, बांध ओलांडला आणि राजाच्या रानात आडवं लांबलचक एक तास काढलं! वर तासाच्या कडेला दगड रोवून ठेवले.

राखणदार बोंबलत वाड्यावर पळाला. बापलेकीला दरबारात उभं केलं.

"पोरी!" राजा गरजला. "माझा बांध फोडलास?"

"सरकारांचा हुकूम पाळला!"

"कसला हुकूम?"

"एक तास पुढं सरकायचं. जो सरकणार नाही त्याची जमीन जाणार. आम्ही सरकलो."

"अगं, तो घड्याळाचा तास!"

"आमच्या घरात घड्याळ नाही, सरकार. नांगर आहे. त्याचं जे तास पडतं तेच आम्हाला ठाऊक. आणि भिऊ नका, उन्हाळा सरला की मागं सरकू!"

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राजा लालबुंद झाला.

"अगं शहाणे! तास पुढं ओढलं म्हणून जमीन वाढते होय? जमीन आहे तेवढीच राहते! रेघ पुढं ओढली की दुसऱ्या कुणाची तरी खाल्ली जाते, एवढंही कळत नाही तुला?"

हौसानं पदर खोचला आणि हात जोडले.

"सरकार, अगदी हेच! आमची चंद्री रोज पहाटे हेच सांगतेय! तास पुढं ओढला म्हणून दिवस वाढत नाही, आहे तेवढाच राहतो. दुसऱ्या कुणाची तरी झोप खाल्ली जाते. तिला बोलता येत नाही, म्हणून बिचारी लाथ मारते!"

राजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? जांभई! एवढी मोठी की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता राजा हसायला लागला, आणि असा हसला की पागोटं कानावर आलं.

"दिवाणजी! उठा! घड्याळाचा काटा मागं घ्या. कोंबडा सोडून द्या!"

सटवाजीच्या आता कुठं जिवात जीव आला. हौसा म्हणाली, "सरकार, मग आमचं तासपण मागं घेऊ?"

"नको, पोरी! माझा तास मी मागं घेतो. तुझं तास राहू दे जिथं आहे तिथं. दगड रोवलेस तिथपर्यंतचं रान आजपासून तुझं!"

झाली गोष्ट. "तास असंही कुणी म्हणतं होय, म्हातारा मनचं रचतोय!" असं पारावर चारचौघांत मला बोललेल्यानं अजून माफी मागितलेली नाही. नाव घेऊनच सांगतो, भितो काय कुणाला: वेशीजवळचा नाना ढवळे.