कोणता कंटाळा चालेल?

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा जिथे नदी होती तिथे आता वाट आहे आणि जिथे वाट होती तिथे रान. त्या नदीच्या काठी एक पाठशाळा होती. लांबलांबच्या गावांतली मुलं तिथे शिकायला येत आणि मिसरूड फुटलं की कामाधंद्याला लागत.

त्यातल्याच दोघांची ही गोष्ट. नावं मी सांगणार नाही. उगाच तुमच्यातल्या कुणाचं तरी तेच निघायचं आणि माझ्याशी अबोला धरला जायचा. एक आला सोमवारी, दुसरा मंगळवारी. तेवढ्यावरून सगळे पहिल्याला थोरला म्हणू लागले आणि दुसऱ्याला धाकटा.

हे थोरलेपण थोरल्याला फार जड गेलं. श्लोक धाकट्याचा आधी पाठ व्हायचा. गुरुजी धाकट्याला शाबास म्हणाले की थोरल्याचा घास घशात अडकायचा. एकदा धाकटा तापाने फणफणला आणि सगळी पाठशाळा त्याच्या उशाशी बसली, तेव्हा थोरल्याच्या मनात आलं, मला का नाही येत असा ताप? हसू नका. हे दुखणं तुम्हालाही कधीतरी होऊन गेलेलं आहे.

थोरल्याकडे काही नव्हतं असंही नाही. त्याचा कान विलक्षण होता. आल्या आल्या त्याने पाठशाळेची घंटा ऐकली आणि म्हणाला, "ही तडकली आहे." पोरं खदाखदा हसली. महिन्याभरात घंटेचा टवका निघून खाली पडला. थोरल्याला आनंद झाला, पण कशाचा? तर धाकट्याला हे ऐकू आलं नव्हतं याचा.

आता त्या पाठशाळेची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिक्षण संपत आलं की गुरुजी मुलांना तीन महिने मोकळं सोडत. वैद्याकडे राहा, सुताराकडे राहा, नावाड्याबरोबर पाण्यात जा. मग एका सकाळी अंगणात सतरंजी अंथरून तिच्यावर हत्यारं मांडली जात, प्रत्येक कामाचं एकच. मुलांना आल्या क्रमाने बोलावत. ज्याने जे हत्यार उचललं, ते काम त्याने बारा वर्षं करायचं. मध्येच सोडायचं नाही, बदलायचं नाही. ज्याचं ठरत नसेल त्याने रिकाम्या हाताने उठावं आणि आणखी वर्षभर बघावं, अशी मोकळीकही होती.

उचलण्याआधी गुरुजी एक प्रश्न विचारत. या कामात मान किती, सुख किती, हे ते कधीच विचारत नसत. ते विचारत, "या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग कोणता? आणि तो तुला चालेल का?"

तीन महिने सुरू झाले. थोरला पहिल्याच दिवशी ओताऱ्याकडे गेला, घंटा ओतणाऱ्याकडे. म्हाताऱ्याने त्याच्या हातात कानस दिली. घंटेची कड घासायची, ठोकायची, ऐकायचं. थोरला असा रमला की जेवायचं विसरला. संध्याकाळी तो पाठशाळेत परतला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "धाकटा राजवैद्यांकडे गेलाय. राजवैद्यांनी त्याला स्वतः आत बोलावलं!"

झालं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. राजवैद्य म्हणजे मेण्यातून फिरणारा माणूस, वाटेत लोक त्याला वाकून नमस्कार करतात. आणि आपण दिवसभर काय केलं, तर पितळ घासलं! दुसऱ्या दिवसापासून तो ओताऱ्याकडे फिरकला नाही. राजवैद्यांच्या घरासमोर चिंचेचं झाड होतं, त्याच्याआड तो उभा राहू लागला. धाकटा आज काय शिकला, कोण त्याच्याशी गोड बोललं, हे बघण्यात त्याचे तीन महिने गेले. वैद्यकी कशी असते, ते त्याने एक दिवसही पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी धाकटा आपल्या सोबत्यांना सांगत होता, "औषध कुटणं कंटाळवाणं नाही रे. रोज तीच माणसं येतात, तीच दुखणी सांगतात. आणि आपण दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं. कंटाळा तो! पण मला चालतो. मला माणसं आवडतात."

भिंतीपलीकडे थोरला कान लावून होता. कान तर त्याचा तल्लखच.

सतरंजी अंथरली गेली. पहिला पुकारा अर्थातच थोरल्याचा. तो सरळ गेला आणि वैद्याच्या खलबत्त्यासमोर बसला.

गुरुजींनी भुवई उंचावली. "तू? मी तर ओताऱ्याकडच्या तुझ्या दिवसाबद्दल ऐकलं होतं. जेवला नव्हतास म्हणे."

"ते सहज गेलो होतो, गुरुजी."

"बरं. मग सांग, वैद्यकीतला कंटाळा कोणता?"

थोरल्याने धाकट्याचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

"आणि तो तुला चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. खलबत्ता उचलला आणि लगेच मान वळवून धाकट्याचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला होता. एवढ्या वर्षांत थोरल्याच्या जिवाला इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

धाकट्याची पाळी आली. तो खलबत्त्याच्या रिकाम्या जागेसमोर जाऊन बसला.

"रिकामा ऊठ, बाळ," गुरुजी हळूच म्हणाले. "वर्षभर थांब."

"घरी सगळे वाट बघताहेत, गुरुजी. थांबता येणार नाही." त्याने धातू वितळवायच्या, ओताऱ्याच्या मुशीला हात लावला. "इथे मी तीनच दिवस राहिलो. कड घासत बसणं, हा कंटाळा. तीन दिवसांतच जीव नकोसा झाला होता."

"चालेल तो?"

"चालवून घेईन."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. चालेल आणि चालवून घेईन यांत केवढं अंतर आहे, ते त्यांना ठाऊक होतं.

चार वर्षं गेली. थोरला वैद्य झाला, पण दुखणं सांगायला बसलेल्या माणसाचं तो निम्मंच ऐकायचा. एक आजी गुडघा घेऊन यायची. तिने "बाळा, काय झालं की" म्हणायचा अवकाश, हा म्हणे, "माहीत आहे, लेप लावा." त्याचं सगळं लक्ष वेशीकडे. तिकडून कुणी आलं की विचारायचा, "काय हो, त्या ओताऱ्याचं कसं चाललंय?" बरं चाललंय म्हटलं की याची रात्रीची भाकर कडू.

मग एके दिवशी धाकट्याने ओतलेली मोठी घंटा थोरल्याच्या गावच्या चावडीवर चढली. सारा गाव जमला. घंटेबरोबर धाकटाही आला होता. टोला पडला आणि लोक वाहवा करू लागले. थोरला मात्र ताठ झाला. नादाच्या शेवटी एक बारीकशी थरथर होती. त्याच्याशिवाय ती कुणालाच ऐकू आली नाही. सापडलास, तो मनात म्हणाला.

गर्दीतून वाट काढत तो पुढे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घंटा सदोष आहे!"

धाकटा रागावेल, निदान खाली मान घालेल, असं त्याला वाटलं होतं. धाकट्याने त्याचा हातच धरला. "कुठे? दाखव ना. चार वर्षं झाली, मी मापाने काम करतो रे. मला ऐकूच येत नाही."

थोरल्याने बोट ठेवलं. "इथे. कड जाड राहिली आहे." आणि कानस त्याने स्वतःच उचलली. घासली, ठोकलं, ऐकलं. पुन्हा घासली. गर्दी पांगली. ऊन डोक्यावर आलं, मग उतरलं. अंगठा सोलवटून निघाला तरी त्याला पत्ता नव्हता. शेवटी टोला दिला, तेव्हा नाद सरळ निघाला आणि सरळ विरून गेला.

तो वळला. मागे पायरीवर ती गुडघेवाली आजी बसली होती. वैद्याला शोधत सकाळी आली होती. धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, "बरं, मग काय झालं?" आणि आजी सांगत होती, "गुडघ्याचं नव्हे रे बाळा, चार महिने झाले, डाव्या डोळ्याने दिसेनासं होत चाललंय. तेच सांगायला जाते रोज. पण वैद्यबुवा 'माहीत आहे' म्हणतात."

थोरल्याने कानस टाकली. त्याने धावत जाऊन आजीचा डोळा पाहिला. तो आता बरा होणार नव्हता. चार महिन्यांपूर्वी झाला असता.

"आपण बदलून घेऊ," तो धाकट्याला म्हणाला. "तू खलबत्ता घे. मला मूस दे."

"बारा वर्षं," धाकटा म्हणाला. "आणखी आठ राहिलीत."

रीत ती रीत. थोरल्याने आजीचा हात धरून तिला आपल्या घरी नेलं, पाट मांडला आणि म्हणाला, "सांगा आजी. पहिल्यापासून." आजीने गुडघ्यापासून सुरुवात केली. त्याला भयंकर कंटाळा आला. बाहेर घंटेचे टोल पडत होते, तिकडे कान न देता तो आजीचं शेवटपर्यंत ऐकत बसला.

म्हणून, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, काम निवडताना दुसऱ्याचा चेहरा बघू नये. कोणत्या कामाचा कंटाळा आपल्याला चालतो, ते आपण स्वतः जाऊन बघावं.