ठिपकी आणि पाच कोंबडे

हौसामावशीला हौस आली. कोंबड्या पाळायची.
तिने बाजारातून सहा पिलं आणली. पिवळी पिवळी, सगळी सारखी.
"सहा कोंबड्या होतील," मावशी म्हणाली. "रोज सहा अंडी."
पिलं वाढली. एकाला मोठा तुरा आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्यालाही आला.
झाले पाच कोंबडे. आणि कोंबडी एकच, छोटीशी ठिपकी.

सकाळी मावशीने दाणे टाकले.
कोंबडे धावले. धप धप धप. टक टक टक. दाणे संपले.
ठिपकीला एकसुद्धा मिळाला नाही. काल नाही, आजही नाही.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मावशीकडे.
"कोंबडे दाणा ठेवेनात.
पोट माझं रिकामं, एवढं होऊ दे काम."
मावशी म्हणाली, "अगं बाई! आणखी टाकले, तरी तेच खातील. चार कोंबडे खालच्या वाडीला देते. तिथे कोंबडाच नाही. पण नेऊ कशातून? आधी डालगं आण. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली धोंडूकाकांकडे. काका टोपल्या विणायचे, डालगी विणायचे.
"मावशी कोंबडे नेईना,
कोंबडे दाणा ठेवेनात.
पोट माझं रिकामं, एवढं होऊ दे काम."
काका म्हणाले, "विणतो की डालगं. पण बांबू संपलाय. आधी बांबू आण. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली बांबूच्या बेटाकडे.
"काका डालगं विणेनात,
मावशी कोंबडे नेईना,
कोंबडे दाणा ठेवेनात.
पोट माझं रिकामं, एवढं होऊ दे काम."
बेट म्हणालं, "देईन गं बांबू. पण शेळी माझे कोवळे कोंब खाते. आधी शेळीला थांबव. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिपकी गेली शेळीकडे.
"बेट बांबू देईना,
काका डालगं विणेनात,
मावशी कोंबडे नेईना,
कोंबडे दाणा ठेवेनात.
पोट माझं रिकामं, एवढं होऊ दे काम."
शेळी म्हणाली, "बेंऽऽ! मग मी काय खाऊ? आधी शेवग्याचा पाला आण. तोवर नाही."

तुरु... तुरु... ठिपकी दमली. हळूहळू गेली शेवग्याकडे.
"शेळी कोंब सोडेना,
बेट बांबू देईना,
काका डालगं विणेनात,
मावशी कोंबडे नेईना,
कोंबडे दाणा ठेवेनात.
पोट माझं रिकामं, एवढं होऊ दे काम."
शेवगा म्हणाला, "देईन पाला. पण माझ्या अंगावर अळ्या चढल्यात. फार गुदगुल्या होतात. आधी अळ्या वेचणारं कुणी आण. तोवर नाही."

आता कुणाकडे जायचं? ठिपकी मटकन खाली बसली.
समोर खोडावर एक अळी. हिरवी, गुबगुबीत. वळवळ, वळवळ.
ठिपकीच्या पोटात झालं, गुर्रर्र.
"मीच वेचते," ठिपकी म्हणाली.
टिप! एक अळी. टिप! दुसरी. टिप टिप टिप! खोड झालं साफ.

"हुश्श," शेवगा म्हणाला. त्याने पाला टाकला. सळसळ सळसळ.
शेळीने पाला खाल्ला. चरचर चरचर. तिने कोंब सोडले.
बेटाने बांबू दिला. करकर करकर.
काकांनी डालगं विणलं. सरसर सरसर.
मावशीने चार कोंबडे डालग्यात घातले. कलकल कलकल. डालगं डोक्यावर घेतलं आणि गेली खालच्या वाडीला.
वाडीतली माणसं खूश झाली. "आता आम्हाला पहाटे जाग येईल," म्हणाली. त्यांनी मावशीला दोन कोंबड्या दिल्या. एक काळी, एक तांबडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने दाणे टाकले.
राहिलेला एकटा कोंबडा आला. त्याने दाणा उचलला. पण गिळला नाही. खाली ठेवला.
"कुक् कुक्, ठिपके, ये," तो म्हणाला.
ठिपकी आली. काळी आली. तांबडी आली.
कुणी ढकललं नाही. कुणी ओढलं नाही.
टक टक टक. ठिपकीने दाणे खाल्ले. अगदी पोटभर.
मग पंख फुगवले, उन्हात बसली, आणि हळूच डोळे मिटले.