बिरोबाच्या अंगावरची घोंगडी उतरवणारी चिमाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते बोरमाळात कुणाला विचारू नका; जो तो आपल्या पणजोबाचं नाव घेईल आणि दोन म्हातारे भांडायला उठतील. एवढं मात्र सगळे एका सुरात सांगतात, की तेव्हा गावात घोंगड्या विणायचे वीस माग होते. एकोणीस मागांवर पुरुष बसायचे आणि विसाव्यावर चिमाक्का बसायची.

चिमाक्का सणगरांच्या घरातली. धनगरांनी मेंढरं कातरायची, सणगरांच्या बायकांनी ती लोकर पिंजून सूत कातायचं, सुताला चिंचोक्याची खळ लावायची, आणि खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं ते पुरुषानं, अशी वाटणी होती. बाईनं त्या खड्ड्यात पाय घातला तर मागाला वाळवी लागते, असं म्हणायचे. चिमाक्काचा नवरा गेला तेव्हा मागावर घोंगडी अर्धी राहिली होती. तेरावं झालं, चिमाक्का उठली, तिनं कासोटा आवळला आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. घोंगडी पुरी झाली, वाळवी काही लागली नाही. चार शहाणे समजूत घालायला आले. त्यांना तिनं गुळाचा खडा दिला, पाणी दिलं आणि त्यांचं बोलणं ऐकता ऐकता धोटा फेकत राहिली. तिची घोंगडी डोक्यावर घेऊन भर पावसात बसलं तरी आतला माणूस कोरडा राहायचा, असं म्हणतात. मग काय, समजूत घालायला आलेलेच पुढे घोंगडी मागायला यायला लागले.

आता गावाची रीत ऐका, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर आहे. घोंगडी मागावरून उतरली की तिच्या दोन्ही टोकांना उभ्या दोऱ्यांचे फासे लोंबत असतात. त्यांना दशा म्हणतात. कातरीनं त्या दशा कापायच्या, गाठी मारायच्या, मगच घोंगडी माणसाच्या अंगावर जाते. पण दर वर्षी प्रत्येक मागावरची एक घोंगडी बिरोबाची. तिच्या दशा कापायच्या नाहीत. पौषातल्या पहिल्या रविवारी ढोल वाजवत ती देवळात न्यायची. त्यातली एक देवाला वर्षभर पांघरायची आणि बाकीच्या देवळामागच्या दगडी कोठीत टाकायच्या. कोठीचं दार हातभर उघडायचं, घोंगड्या आत ढकलायच्या आणि दार ओढून घ्यायचं. आत डोकावायचं नाही. देवाच्या लोकरीला हाव धरून हात लावला तर हात झडतात, असं म्हणायचे. चिमाक्काही हे मानायची आणि दर वर्षी आपली घोंगडी बिनबोभाट द्यायची.

मग ते थंडीचं वर्ष आलं. अशी थंडी बोरमाळानं ना आधी पाहिली ना नंतर. रांजणातल्या पाण्यावर साय धरायची. ज्वारीची पानं काळी पडली. कोंबड्यानं आरवायला चोच उघडली ती उन्हं वर येईपर्यंत मिटली नाही, असं म्हणतात. तो कोंबडा मी पाहिलेला नाही, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

त्याच वर्षी गावाचं तळं बांधायला वडार आले होते. हैबती पाटलानंच त्यांना बोलावून आणलं होतं. चाळीस माणसं होती, बाया, म्हातारी, पोरंटोरं आणि दगड वाहायची गाढवं. तळ्याच्या खोदकामाशेजारी उघड्या माळावर त्यांनी फाटक्या कापडांची पालं ठोकली. दिवसभर त्यांनी सुतकीच्या घणानं दगड फोडावेत आणि अंधार पडला की एकमेकांना बिलगून पडावं. एक म्हातारा गारठून गेला, आठ दिवसांनी दुसरा गेला. गाव हळहळलं आणि आपापल्या घोंगडीत शिरून झोपलं.

त्यांच्यातली एक बाई बाळंत झाल्याचं चिमाक्काच्या कानावर आलं. बाळंतिणीला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून ती वाडगाभर डिंकाची पेज घेऊन पालावर गेली. तिम्मव्वा नावाची ती पोरसवदा आई गाढवीच्या पोटाशी पाठ लावून बसली होती आणि तिच्या छातीशी चार दिवसांचं पोर होतं. गाढवीची ऊब एका बाजूनं मिळत होती, दुसऱ्या बाजूला वारा होता.

"पांघराय काय न्हाई व्हय गं?" चिमाक्कानं विचारलं.

"हाय की आक्का, ही गाढवी हाय," तिम्मव्वा म्हणाली आणि हसली.

चिमाक्का तिच्याशेजारी टेकली. तिनं पोराच्या पायाला हात लावून पाहिला. पाय गार पडले होते आणि नखं निळी झाली होती. तिनं अंगावरची घोंगडी काढून दोघांवर टाकली आणि लुगड्यानिशी कुडकुडत घरी आली. घरी आली ती स्वस्थ बसली नाही. नवऱ्याची जुनी घोंगडी, सासूच्या हातची वाकळ, अंथरायचं पोतंसुद्धा तिनं उचललं आणि पालावर नेऊन दिलं. पण माणसं चाळीस आणि पांघरुणं चार!

तेव्हा ती माग घेऊन बसलेल्या एकोणीसही घरी गेली. कुणी वाईट बोललं नाही हो. सगळ्यांनी एकच सांगितलं, "आक्का, मागावर हाय ती देवाची हाय. रविवार तोंडावर आला. देवाचं झाल्याबगर दुसरी कशी लावावी?" तिच्या स्वतःच्या मागावरही देवाचीच घोंगडी होती. ती घरी येऊन मागाच्या खड्ड्यात बसली, पण तिचा हात चालेना. वीस मागांच्या वीस, आणि असं किती पिढ्या चाललेलं! त्या कोठीत किती पडल्या असतील याचा हिशेब तिच्या डोक्यात मावेना. तिला पहिल्यांदा रागच आला. आपलाच राग आला, की इतकी वर्षं आपण मुकाट्यानं देत आलो.

रविवार उजाडला. ढोल घुमले, भंडारा उधळला, सगळं गाव देवळापुढच्या पटांगणात जमलं. यमाजी पुजारी एकेकाची घोंगडी घेऊन देवापुढे ठेवत होता. चिमाक्काची पाळी आली आणि त्याच्या हातातली घोंगडी तशीच राहिली. तिच्या दशा कापलेल्या होत्या. नीट गाठी मारलेल्या होत्या.

"आक्का, ह्ये काय केलंस?" यमाजीनं विचारलं.

"माणसाची केली, बापू," चिमाक्का म्हणाली. "देवाला दावाय आणली. दावून झाली की वडारांच्या पालावर न्येनार."

पटांगणात एकच गलका झाला. हैबती पाटील पुढे आला. माणूस तसा दुष्ट नव्हता, पण गावाची रीत आपल्याच खांद्यावर उभी आहे असं त्याला वाटायचं.

"चिमाक्का, देवाशी बरोबरी करतीस?"

"म्या कशाला करू? पर पाटील, तळं कुनाचं? गावाचं. वडार कुनी आनलं? तुमी. दोन म्हातारी माती झाली. आता त्या तिम्मव्वाचं पोर जायाची वाट बगायची का? कोठी उघडा."

"कोठी देवाची हाय."

"मग देवालाच इचारा, त्याला किती लागत्यात पांघराय!"

"जास्ती बोलू नगंस. वाळीत टाकीन. कुनी इस्तू देनार न्हाई, पानी देनार न्हाई."

"टाका," चिमाक्का म्हणाली. "इस्तवाबगर जगत्यात कसं, ते शिकूनच आले मी पालावर."

असं म्हणून ती सरळ गाभाऱ्यात गेली. बाया डोळे झाकून घ्यायला लागल्या. बिरोबाच्या अंगावर गेल्या वर्षीची घोंगडी होती, न कापलेल्या दशांची. चिमाक्कानं आधी देवाला हात जोडले. मग तिनं घोंगडीला हात घातला, ओढली आणि देवाच्या अंगावरून उतरवली. काळा दगड उघडा पडला. किती पिढ्यांत पुजाऱ्याशिवाय कुणी तो उघडा पाहिला नव्हता.

ती बाहेर आली. घोंगडी खांद्यावर टाकली आणि दोन्ही हात वर करून पंजे सगळ्या गावाला दाखवले.

"बगा," ती म्हणाली. "झडले का?"

ती तशीच उभी राहिली. ढोलवाल्यांच्या हातातल्या टिपऱ्या थांबल्या होत्या. सावली वीतभर सरकेपर्यंत ती हात वर करून उभी होती, असं म्हणतात, म्हणजे नंतर कुणाला म्हणायला जागा राहू नये, की जरा थांबली असती तर झडले असते. मग तिनं कमरेची कातर काढली, देवाच्या घोंगडीच्या दशा सगळ्यांसमोर कापल्या आणि दोन्ही घोंगड्या घेऊन माळाची वाट धरली. पाटलानं तिला तिथंच वाळीत टाकलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

आता देव कोपणार म्हणून, नवी घोंगडी देवाला न पांघरताच, गाव दारं लावून बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यमाजी पुजारी नेहमीसारखा देवाला अंघोळ घालायला गेला. गाभाऱ्यात उघडा देव आणि बाहेर ती तसली थंडी. यमाजीनं गार पाण्याचा पहिला तांब्या ओतला आणि त्याच्या हातून तांब्या निसटला. देवाच्या अंगावरून वाफ निघत होती. त्यानं भीत भीत दगडाला हात लावला. दगड ऊन लागला, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या कपाळाइतका ऊन.

यमाजी अनवाणी ओरडत सुटला, "देव ऊन हाय! देव ऊन हाय!" सगळं गाव धावलं. एकेकानं हात लावून पाहिला. शेवटी पाटलानं लावला आणि हात दगडावरच ठेवून तो कितीतरी वेळ उभा राहिला.

काही जण म्हणतात, यमाजीच तसा हळव्या मनाचा, त्यानंच पहाटे चुलीवर हंडाभर पाणी तापवून देवाच्या अंगावर ओतलं असेल. ओतलं असेल तर त्यालाही माझा दंडवत. पण बोरमाळात हे मोठ्यानं बोलू नका.

पाटलानं स्वतः कोठीचं दार उघडलं. हातभर उघडायची सवय असलेलं दार पुरतं उघडेना, तेव्हा चौघांनी खांदा लावला. आत छतापर्यंत घोंगड्या होत्या. पाटलानं खालच्या थरातली एक ओढली, तर हातात नुसता भुगा आला. दुसरी ओढली, तिचाही भुगा. कसरीच्या किड्यांनी थरच्या थर खाऊन टाकले होते. आपल्या आज्याची घोंगडी, बापाची घोंगडी, सगळी पीठ होऊन भुईवर पडली. एकोणीस मागांची माणसं ते पीठ मुठीत घेऊन बघत राहिली आणि म्हातारे विणकर लहान मुलांसारखे रडले.

वरच्या थरातल्या मात्र धड होत्या. पाटील भुईवर बसला आणि त्यानं धनगराकडून मेंढरं कातरायची कातर मागून घेतली. पहिल्या घोंगडीच्या दशा त्यानं कापल्या. मग जो तो कातर आणायला पळाला. दिवसभर त्या पटांगणात कातरींचा आवाज चालला होता. दिवस कलला तेव्हा घोंगड्यांचे ढीग घेऊन अख्खं गाव पालावर गेलं. चिमाक्का तिथंच होती, तिम्मव्वाच्या पोराला मांडीवर घेऊन तेल चोळत.

पाटील म्हणाला, "आक्का, घरला चल."

"आदी ह्यास्नी पांघरा," ती म्हणाली. "माजं मग बगू."

पोर जगलं. त्या हिवाळ्यात पालावर पुन्हा कुणी गारठून दगावलं नाही. चिमाक्का पुढे बरीच वर्षं जगली आणि दर थंडीत उघड्यावर पडलेल्या माणसांसाठी विणत राहिली. इतरांना एका घोंगडीला चार दिवस लागायचे, ती सूर्य उगवताना बसायची आणि मावळताना घोंगडी उतरवायची. खळ लावलेलं सूत पुरेना तेव्हा देवळावरून जाणारी मेंढरं आपण होऊन तिच्या दारात येऊन उभी राहायची, असं म्हणतात. मरताना तिनं बजावून सांगितलं होतं, "माज्यावर नवी घोंगडी टाकाल तर उठून बशीन." कुणाची टाकायची हिंमत झाली नाही. फाटक्या लुगड्यातच तिला नेलं आणि नवी घोंगडी वाटेत भेटलेल्या पहिल्या उघड्या माणसाला दिली.

आता बोरमाळात दोनच माग उरलेत. कालव्याचं पाणी आलंय, ऊस आलाय, आणि थंडीच्या दिवसांत तळ्याच्या काठावर ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात. पण पौषातला पहिला रविवार चुकत नाही. घोंगड्या येतात, स्वेटर येतात, शाली येतात, पोरांच्या कानटोप्या येतात. देवाला घोंगडी पांघरतात ती ढोल वाजत असतात तोवरच. कोठीला दार ठेवलेलं नाही. पांघरूण घ्यायला येणाऱ्याला नाव, गाव, जात विचारायची नाही, आणि विचारणाऱ्याला ढोलवाले तिथल्या तिथं हाकलतात.

ढोल थांबले की गावातली एक बाई गाभाऱ्यात जाते. दर वर्षी वेगळी, कुणाच्याही घरातली. ती देवाला हात जोडते, घोंगडी उतरवते आणि बाहेर येऊन दोन्ही पंजे वर करते.

"झडले का?" ती विचारते.

"न्हाई झडले!" अख्खं पटांगण ओरडतं. लहान पोरं तर गळा फाटेस्तोवर ओरडतात. बिरोबा आत वर्षभरासाठी उघडा बसतो आणि ती बाई घोंगडी खांद्यावर टाकून कोप्यांच्या वाटेला लागते.