अळणी पंगत

केवळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी खाडीकाठच्या खारशेत गावी, मारुतीच्या देवळात होता. मंडळी, महाराज जिथे उतरत तिथे पंगत बसायचीच. उपाशी माणसापुढे ज्ञान सांगणं त्यांना रुचत नसे. फाल्गुनातला भंडारा ठरला आणि त्याचा कारभार आप्पा खोतांनी अंगावर घेतला. आप्पा मनाने वाईट नव्हते हो! पण गावात सूर्यसुद्धा आपल्याला विचारून उगवतो, अशी त्यांची समजूत होती.

याच गावात चांगुणाबाई मिठागरात राबायची. नवरा गेल्यापासून आगर तिने एकटीने सांभाळलं होतं. दिवाळीनंतर कुंड्यांतला, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांतला, चिखल पायांनी मळून मळून घट्ट करायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाने मीठ धरलं की फळीने ओढून ढीग लावायचे. त्या साली उधाणाने बांधाला भगदाड पडलं. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून चिखलाचे गोळे लावता लावता ती मनोमन महाराजांना नवस बोलून गेली, बांध टिकला तर मिठाची पहिली टोपली तुमच्या पंगतीला. आणि बांध टिकला की! नवस फिटेपर्यंत नव्या मिठाचा खडाही तिने आपल्या कालवणात घातला नाही.

भंडाऱ्याच्या सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती मोठ्या हौसेने देवळात आली. आप्पांनी ते जाडं, करडं मीठ पाहिलं आणि नाक मुरडलं. त्यांनी खास शहरातून पांढरंशुभ्र बारीक मीठ आणवलं होतं.

"पायांनी तुडवलेल्या चिखलातलं मीठ देवाच्या पानात वाढू?" ते म्हणाले. "घरी ने आणि म्हशीला चार."

भोवतालची मंडळी हसली. चांगुणाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टोपली परत न्यावी तर बोललेला शब्द मोडतो, ठेवावी तर कुणी घेत नाही. नवस फेडायचा तरी कसा? बिचारी पिंपळाच्या पाराआड टोपली मांडीवर घेऊन बसून राहिली.

आता नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, ही आपली रीत. आचाऱ्याने अंदाजाने मीठ घातलं, नैवेद्य झाला, पाचशे पानं वाढली. लोकांनी पहिला घास घेतला मात्र, सगळ्यांचे हात थबकले. आमटी अळणी, भाजी अळणी! पानातलं मीठ कालवून पाहिलं, तरी चव येईना. आप्पांनी ते पांढरं मीठ चिमूटभर जिभेवर ठेवलं, तर रांगोळी चघळल्यासारखं लागलं. पाचशे माणसं भरल्या पानावरून उठणार, या धसक्याने त्यांना दरदरून घाम फुटला.

महाराजांनी अजून घास उचललाच नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "आप्पा, पानात पहिलं काय वाढतात?"

"मीठ, महाराज."

"ते माझ्या पानात आलेलं नाही. पाराआड कोणीतरी माझं मीठ घेऊन बसलंय. तिला बोलवा."

चांगुणाबाई टोपली घेऊन पुढे आली. पदर सावरून उभी राहिली, पण टोपलीत हात घालायचा तिला धीर होईना. महाराज म्हणाले, "चांगुणे, पायांच्या भेगांत खारं पाणी शिरत होतं तेव्हा नाव माझं घेतलंस. मग मला वाढायला का लाजतेस? अगं, कुणीतरी चिखलात उतरल्याशिवाय यातलं एकही पान भरलेलं नाही. भात तिथूनच आला आणि मीठही तिथूनच."

तिने चिमूटभर मीठ महाराजांच्या पानात वाढलं. महाराजांनी वरणभाताचा घास घेतला, आणि काय सांगावं! त्याच क्षणी पाचशे पानांतल्या अन्नाला चव आली. लोक आमटीचे भुरके मारू लागले. म्हातारेकोतारे तिसऱ्यांदा भात मागू लागले. नवस फिटला होता. चांगुणाबाई रडत होती आणि हसतही होती.

आप्पांनीही हायसं वाटून द्रोणातल्या आमटीचा घोट घेतला. अळणी! साऱ्या पंगतीत त्यांचाच तेवढा द्रोण अळणी. त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज भात कालवण्यात गुंग होते. काय समजायचं ते आप्पा समजले. खालमानेने ते चांगुणाबाईसमोर गेले आणि त्यांनी हात पसरला.

"बाई, चिमूटभर मीठ दे."

चांगुणाबाईने हात मागे घेतला. "हातावर मीठ देत नाय, आप्पा. भांडन व्हतं. आपलं सकाली झालं तवढं पुरं." असं म्हणून तिने पानाच्या तुकड्यावर मीठ घेतलं आणि रीतीप्रमाणे खाली जमिनीवर ठेवलं.

ते उचलायला आप्पा वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच इतके वाकले, आणि वाकल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे आले ते त्या माउलीचे भेगाळलेले पाय. मीठ उचलायचं राहिलं बाजूला. आप्पा खोतांनी त्या पायांवर डोकं टेकलं.