पुसलेल्या अक्षरांचा शेरा

तपासणीला आलेले रणखांबेसाहेब शाळेतल्या एकुलत्या एका संगणकापाशी थबकले. कीबोर्डवरचं एकूण एक अक्षर वापरून वापरून पुसलं होतं.

"ढवळेबाई, बाकीच्या शाळांनी संगणक कव्हरात जपलेत, अन् तुम्ही पार वाट लावलीत! असा शेरा मारतो, की जन्मभर आठवेल!"

बाईंनी सहावीतल्या मैनाला संगणकापुढे बसवलं. "सांगा साहेब, ही टाइप करेल."

साहेब गुरगुरले, "कर! 'अक्षरं पुसल्यामुळे या कीबोर्डवर कुणालाही एक शब्दसुद्धा टाइप करता येणार नाही.'"

मैनाची नजर पडद्यावरून ढळली नाही. बोटं मात्र भराभर चालली. प्रिंटरमधून कागद आला, एकही चूक नसलेला.

बाईंनी ताठ मानेनं तो पुढे केला. "करा सही, साहेब. अन् हा शेरा कशावर टाइप केलाय, तेही खाली लिहा."